‘माणूस म्हणून थोर’. आणि कवी म्हणून?

गेल्या सत्रात तृतीय वर्षाच्या वर्गाला आम्ही ‘आवडता कलावंत’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला. नाशिकच्या मुलांकडून कुसुमाग्रज, कानेटकर, फार तर एखादा चित्रपट-दिग्दर्शक येणार, अशी आमची अटकळ होती. एका विद्यार्थिनीने मात्र किम नामजून, म्हणजे ‘बीटीएस’ या कोरियन गायकसमूहाचा म्होरक्या ‘आरएम’, याच्यावर आठ पाने लिहून आणली. शिक्षक-कक्षात हशा पिकला. आम्हीही हसलो, हे आधीच कबूल करतो. नंतर निबंध वाचला आणि हसू ओसरले.

निबंधात भक्ती होतीच. आरएमचा विनय, त्याचे वाचन, स्वतःच्या उणिवांविषयी बोलण्याची त्याची तयारी, यांचे भाबडे म्हणावे असे कौतुक होते. पण मुलगी तेथे थांबली नव्हती. २०२२ साली आलेल्या ‘इंडिगो’ या त्याच्या संग्रहातील पहिलेच गाणे युन ह्याँग-गुन (१९२८–२००७) या चित्रकारावर आहे. गडद तपकिरी आणि निळ्या रंगांचे पट्टे रंगवणारा, हुकूमशाहीच्या काळात तुरुंगवास भोगलेला हा चित्रकार. कलेच्या आधी माणूसपण, ही त्याची धारणा. आरएमने त्याचा ध्वनिमुद्रित आवाजच आपल्या गाण्यात ठेवला आहे. विद्यार्थिनीचा मुद्दा असा की, स्वतःच्या संग्रहाच्या पहिल्याच गाण्यात दुसऱ्याच्या आवाजाला जागा देणे ही त्या गायकाच्या विनयाची खूण आहे आणि ती मुलाखतीत शोधावी लागत नाही. ती रचनेतच आहे.

हे वाक्य वाचल्यावर आम्हाला आमच्याच जिल्ह्यातील एका कवीची आठवण झाली आणि थोडी शरमही वाटली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्याविषयी आपण मराठीचे प्राध्यापक काय बोलतो ते आठवून पाहा. शाळेचे तोंड न पाहिलेला हा माणूस मुंबईत कष्टाची कामे करीत प्रौढपणी अक्षरे शिकला. खांद्याला पिशवी लावून गावोगाव हिंडला. डॉ. आंबेडकरांचा विचार गाण्यांतून वस्त्यावस्त्यांत नेला आणि स्वतःसाठी काही राखले नाही. हे सारे खरे आहे. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून आपण ते गहिवरून सांगतो आणि खाली बसतो. ‘वाटचाल’ (१९७३) किंवा ‘मोहळ’ (१९७६) यातील एखादी रचना फळ्यावर लिहून तिची मात्रागणना करावी, असे मात्र आपल्यापैकी किती जणांना सुचले?

आमचा आरोप स्पष्ट आहे. ‘माणूस म्हणून थोर’ हे आपल्याकडे कवीला कवितेच्या दारातून परत पाठवण्याचे सभ्य वाक्य झाले आहे. चारित्र्याची आरती ओवाळली की रचनेची चर्चा टाळता येते. मर्ढेकरांची लय आम्ही तासन्‌तास उलगडतो. वामनदादांच्या वाट्याला त्यांची पिशवी येते.

आता एक उदाहरण. भीमाच्या मताचे खरेखुरे पाच जण असते तर काय झाले असते, असे विचारणारे त्यांचे गीत महाराष्ट्रभर गायले जाते. त्याची लय आनंदकंदाची आहे; क्वचित एका गुरूच्या जागी दोन लघू येतात, इतकेच. गझलेतल्या रदीफाप्रमाणे ‘असते’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते. आणि हे ‘असते’ संकेतार्थी आहे! ‘असते तर’ याचा अर्थ ‘नाहीत’. म्हणजे ज्या जयंतीच्या मंडपात हे गीत ताल धरून ऐकले जाते, त्याच मंडपातील श्रोत्यांवर कवी दर ‘असते’गणिक ठपका ठेवतो आणि श्रोते तो टाळ्यांसह स्वीकारतात. स्तुतिगीताच्या चालीवर आत्मपरीक्षण करायला लावणारी ही रचना व्याकरणाच्या एका अर्थावर उभी आहे. वामनदादांचा निर्भीडपणा, आपल्याच माणसांना खडसावण्याचे त्यांचे धैर्य, हे सारे त्या क्रियापदात सापडते. त्यासाठी आठवणींचा गहिवर लागत नाही.

आमच्यावर आक्षेप येईल तो आम्हाला ठाऊक आहे. कोरियातील गायक-उद्योग चारित्र्य विकतो. विनय, मैत्री, मेहनत हा तिथे बाजारात मांडलेला माल असतो. त्याला भुललेल्या मुलीच्या निबंधाची वामनदादांशी सांगड घालणे हा शाहिराचा अवमान नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. एकीकडे प्रचंड भांडवल आहे आणि दुसरीकडे पदराला खार लावून चाललेले गाणे. कलावंतांची तुलना आम्ही करीतच नाही. तुलना आहे ती चाहत्यांच्या वाचनाची. बाजाराने दिलेली प्रतिमा तपासायची कशी? गाण्याकडे जाऊन. ती मुलगी गाण्याकडे गेली. आणि गौरव-अंक, षष्ट्यब्दी, सत्कार-समित्या यांच्या आपल्या बाजारात प्रतिमा कोण तपासतो, हेही एकदा विचारून पाहावे.

दुसरे असे की, चाहत्यांना तुच्छ लेखण्याचा अधिकार मराठीच्या अभ्यासकाला तर मुळीच नाही. तुकोबांचे अभंग वहीत उतरून ठेवणारे संताजी जगनाडे कोण होते? आधी ते भक्त होते. वामनदादांची हजारो गीते टिकली ती गायन पार्ट्यांच्या वह्यांत, शिष्यांच्या कंठात, चौदा एप्रिलच्या रात्रींत. विद्यापीठे तेथे फार उशिरा पोहोचली. भक्तीने जपलेल्या या धनाची पाठचिकित्सा करणे, एकाच गीताची दोन गावांतील दोन रूपे शेजारी ठेवणे, हे आपले काम होते. ते आपण केले नाही आणि वर ‘भाबडे चाहते’ म्हणून नाक मुरडले.

भक्ती पुरेशी नाही, हे आम्हीही मानतो. वामनदादांचे कित्येक चाहतेही त्यांच्या गरिबीच्या कथांपाशीच थांबतात. परंतु जिथे प्रेम आहे तिथे माणूस एक गाणे शंभरदा ऐकायला तयार असतो, आणि शंभरदा ऐकण्याची तयारी आमच्या पदव्युत्तर वर्गांतही दुर्मिळ झाली आहे. या तयारीला छंद, व्याकरण, पाठभेद यांची जोड देणे एवढेच शिक्षकाच्या हाती असते. ते न करता हसणे सोपे आहे.

त्या निबंधाला आम्ही चांगले गुण दिले. पुढच्या सत्रासाठी वर्गाला काम दिले आहे ते असे: प्रत्येकाने आपल्या वस्तीतील वा गावातील गायन पार्टीच्या वहीतून वामनदादांचे एक गीत उतरून आणायचे, गाणाऱ्याची परवानगी घेऊन, मात्रा मोजायच्या, छापील पाठाशी ताडून पाहायचे, आणि कवीच्या स्वभावाविषयी एकही विधान गीतातील शब्दाकडे बोट दाखवल्यावाचून करायचे नाही. ही अट आम्ही आमच्या पुढच्या पुण्यतिथीच्या भाषणालाही लावून घेतली आहे. इतर महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनीही ती लावून पाहावी.