रानाची गोईण

गडचिरोली येथे १९८६ साली दोन डॉक्टरांनी आपले काम मांडले, ते तेंदूपत्ता साठविण्याच्या एका जुन्या गोदामात. तेंदूपत्ता म्हणजे विडीचे पान. वैशाखाच्या उन्हात बायका तो तोडतात, ७० पानांचा एकेक पुडा बांधतात, आणि व्यापाऱ्याच्या हाती जाईपर्यंत तो अशाच गोदामांत पडून राहतो. जिथे रानातील बायकांच्या श्रमाचा माल रचला जात असे, तिथेच त्यांच्या दुखण्याची विचारपूस प्रथम सुरू झाली, हा केवळ योगायोग खरा. पण त्या दोघांपैकी डॉ. राणी बंग यांच्या पुढील आयुष्याकडे पाहता तो लक्षात राहण्याजोगा आहे.

राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या. नागपूरला स्त्रीरोगशास्त्रात त्यांनी एम.डी. केले. पती डॉ. अभय बंग यांच्यासह अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन दोघे परतले. एवढ्या भांडवलावर नागपुरात मोठे प्रसूतिगृह सहज उभे राहिले असते. त्यांनी निवडला तो १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला, तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला जिल्हा. तेथे 'सर्च' ही संस्था स्थापन झाली.

त्या काळी स्त्रीचे आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असाच हिशेब सरकारदरबारी होता. वैद्यकीय पाठ्यक्रमातही फारसा वेगळा नव्हता. बाई गरोदर नसेल, तर तिच्या शरीराची चौकशी करण्याचे कोणाला कारणच नव्हते. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ही चौकशी केली. रुग्णालयात येणाऱ्या बायका नव्हे, तर गावातील सर्व बायका तपासावयाच्या, असा त्यांचा आग्रह होता. हा फरक वरवर लहान वाटतो. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकावरून गावाची गरज समजत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. जो आलाच नाही, त्याच्या दारापर्यंत जावे लागते.

सुमारे ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि सरासरी काढली तर प्रत्येकीच्या वाट्याला तीनाहून अधिक विकार येत होते. यापूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि जगभरच्या आरोग्यधोरणांत बाळंतपणापलीकडच्या स्त्रीची दखल घेतली जाऊ लागली, तिला या दोन खेड्यांचा मोठा हातभार लागला.

आकड्यांपेक्षा त्यांच्यामागचे मौन अधिक बोलके आहे. तपासलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींची काही तक्रारच नव्हती. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या वेळची असह्य कळ, कंबरेचा ठणका ही बाईपणाचीच लक्षणे आहेत, असे मानून त्या जगत होत्या. आईने सोसले, सासूने सोसले, मग आपण वेगळे काय सांगावयाचे? हे मौन केवळ गडचिरोलीच्या झोपडीत राहत होते, असे समजण्याचे कारण नाही. पक्क्या वाड्यांतून, भरल्या घरांतूनही ते राहते. तेथे त्याला मर्यादा आणि लाज अशी अधिक शोभिवंत नावे असतात, इतकेच.

या मौनापाशी पोहोचण्यासाठी राणीताईंना गावच्या सुईणी भेटल्या. शिकलेल्या डॉक्टरने सुईणीला अडाणी ठरवून बाजूस सारणे हाच त्या काळचा शिरस्ता होता. येथे डॉक्टरीण सुईणींजवळ बसली; बायका आपल्या दुखण्यांना काय म्हणतात, कोणत्या गोष्टीला भितात, कोणते झाडपाल्याचे औषध घेतात, हे ऐकत गेली आणि मग आपले शास्त्र त्यांना शिकवीत गेली. या संभाषणांतून 'कानोसा' हे पुस्तक झाले. त्याचे नावच पुरेसे बोलते.

ऐकण्याचा हा परिपाठ दवाखान्याच्या उभारणीतही दिसला. आदिवासी लोक रुग्णालयात का येत नाहीत, असे विचारल्यावर मिळालेली उत्तरे कोणत्याही वास्तुविशारदाच्या आराखड्यात बसणारी नव्हती. मोठमोठ्या इमारतींत माणूस हरवून जातो. रोग्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. डॉक्टर-परिचारिकांचे कपडे पांढरे, आणि पांढरे वस्त्र तर मेलेल्याच्या अंगावर घालतात. शिवाय तेथे देव नाही. तेव्हा चातगावजवळ 'शोधग्राम' वसले, ते आदिवासी वस्तीच्या धर्तीवर. नातलगांना राहता येईल अशा झोपड्या झाल्या आणि दवाखान्याला नाव मिळाले ते तेथील लोकांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे.

परंतु बायकांचे बोलणे ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. या बायका स्वतःविषयी बोलताना अडखळत. झाडांविषयी मात्र ओघाने बोलत. चैत्रात पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन मोहाखाली जावयाचे, रात्रभर टपटपलेली फुले उजाडण्याच्या आत वेचून घ्यावयाची. पुढे त्याच झाडाच्या टोळीचे तेल काढावयाचे. तेंदूचे पान झाले की चार पैसे हाती येणार. कोणत्या झाडाची साल कोणत्या दुखण्यावर, कोणता पाला बाळंतिणीला द्यावयाचा, कोणते झाड तोडू नये, हे सारे त्यांना मुखोद्गत. घरात जिचे मत कोणी विचारीत नाही, ती रानात शिरली की जाणकार असते. राणीताईंनी हे ज्ञानही दुखण्याइतक्याच गांभीर्याने टिपले. बाई आणि झाड यांच्या नात्यावरचे त्यांचे पुस्तक म्हणजे 'गोईण'. गोईण म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. स्त्रीरोगतज्ज्ञाने वृक्षांवर पुस्तक लिहावे याचे ज्यांना नवल वाटते, त्यांनी या बायकांचे आरोग्य कशावर उभे आहे, हे पाहावे. रान आटले की पानातले अन्न आटते, चुलीचे लाकूड दूर जाते, डोक्यावरचा भारा घेऊन चालावयाचे अंतर वाढते. जंगलतोडीचा पहिला भार बाईच्या कंबरेवर पडतो.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. बासुंदीवर आणि श्रीखंडावर पसरली जाणारी चारोळी याच रानातून, चार नावाच्या झाडाखालून, अशाच बायकांच्या हातांनी गोळा होऊन येते. एकेकाळी मध्य भारतातील जंगलांत मिठाच्या मापाने चारोळीचे माप भरून घेतले जात असे. तो व्यवहार कोणी केला आणि त्यात कोणाचे भले झाले, हे व्यापारी घराण्यांना दुसऱ्याने सांगावयास नको.

मोहाचे दुसरे रूप बायकांनी फार जवळून पाहिले होते. फुले वेचून आणणारी ती, आणि त्यांची दारू पिऊन तिच्यावरच हात उगारणारा तिचा नवरा. दुखण्यांच्या कहाण्या ऐकताना दारू वारंवार पुढे येऊ लागली, तेव्हा औषधाच्या गोळीने भागणार नव्हते. गावोगावच्या बायका एकवटल्या. बंग दांपत्य त्यांच्या पाठीशी राहिले आणि लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात शासनाने दारूबंदी लागू केली. चोरटी दारू त्यानंतरही गावांत येत राहिली हे खरे. पण दुकानावरची पाटी उतरली आणि तक्रार करणाऱ्या बाईच्या बाजूला कायदा आला.

नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा 'सर्च'चा प्रयोग पुष्कळांना ठाऊक आहे. गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवून ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासतात, त्यामागे हा अनुभव आहे. पुढे २०१८ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

राणीताईंच्या कामांपैकी शहरी कुटुंबांच्या सर्वांत जवळ येणारे काम म्हणजे 'तारुण्यभान' ही शिबिरे. वयात येणाऱ्या मुलामुलींशी शरीर, आकर्षण, पाळी, लग्न, रोग यांविषयी त्या आडपडदा न ठेवता बोलतात. कित्येक मुलींना पाळी म्हणजे काय हे ती आल्यानंतर कळते, आणि मुलांना ते कोणी सांगतच नाही. वसा-अमिर्झा येथील आजींच्या पिढीने जे सोसले, त्याची सुरुवात चौदाव्या-पंधराव्या वर्षीच्या याच न विचारलेल्या प्रश्नांपासून झाली होती. शिबिरात ते प्रश्न विचारले जातात, आणि साडी नेसलेली, आजीच्या वयाची एक डॉक्टरीण त्यांची उत्तरे नीट मराठीत देते.