‘पानिपत’ नावाचे पुस्तक एक नाही

१/ ग्रंथालयात ‘पानिपत’ हे नाव शोधू लागणाऱ्या तरुण वाचकाच्या हाती एक पुस्तक लागत नाही. पुस्तकांची रांग लागते. बखर, कादंबरी, संशोधनग्रंथ, इंग्रजी इतिहास. नाव सर्वांचे एक, प्रकृती प्रत्येकाची निराळी. ही प्रकृती न ओळखता होणाऱ्या वाचनाने समाजमाध्यमांवरील इतिहासचर्चेची जी गत केली आहे, तिला मराठीत एकच शब्द आहे : पानिपत.

२/ मुळात हे नावच फसवे. या गावाजवळ तीन मोठ्या लढाया झाल्या. १५२६ साली बाबर आणि इब्राहिम लोदी, १५५६ साली अकबराचे सैन्य आणि हेमू, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे व अहमदशहा अब्दाली. पहिल्या लढाईची हकीकत तर विजेत्यानेच ‘बाबरनाम्या’त लिहून ठेवली. मराठी मनाला मात्र तिसरेच पानिपत ठाऊक. निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते, परीक्षेत विद्यार्थ्याचे होते. गावाचे नाव पराभवाचे सामान्यनाम झाले. त्यामुळे पुस्तक उघडण्यापूर्वीच निकाल वाचकाच्या डोक्यात तयार असतो.

३/ या रांगेतील जुने सभासद म्हणजे बखरी. कृष्णाजी शामराव याच्या नावावर चालणारी ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि रघुनाथ यादवाची ‘पाणिपतची बखर’ या त्यांतील प्रसिद्ध. बखरीचे गद्य तेजस्वी आहे, संवाद नाट्यपूर्ण आहेत, आकडे लाखांत आहेत. बखरकाराला घडलेल्या अनर्थाचा अर्थ लावायचा होता. सैन्याची हजेरी घेणे हे त्याचे काम नव्हते. त्याच्याकडे तोफांची संख्या मागणे म्हणजे कीर्तनकाराकडे जमाखर्च मागणे.

४/ मग प्रत्यक्षदर्शी साक्षीदार कोण? काशीराज पंडित. हा दक्षिणी गृहस्थ नवाब शुजाउद्दौलाच्या पदरी होता, म्हणजे त्याने लढाई पाहिली ती अब्दालीच्या बाजूच्या छावणीतून. फार्सी वृत्तांत त्याने लिहिला तो सुमारे दोन दशकांनी. आज बहुतेकांना तो ठाऊक असतो जेम्स ब्राऊन याच्या इंग्रजी भाषांतरातून. डोळ्यांनी पाहिलेले, वीस वर्षांनी आठवलेले, परभाषेतून पोहोचलेले : या तिन्ही थरांची जाणीव ठेवूनच ही साक्ष तपासावी लागते. ‘प्रत्यक्षदर्शी’ हा शब्द उलटतपासणी थांबविण्यासाठी नसतो. तेथून ती सुरू होते.

५/ १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर ‘पानिपत’ नाही, पण आत पानिपतच आहे : त्या काळातील अस्सल पत्रे. धान्य नाही, पैसा नाही, रसद पाठवा, अशा तगाद्यांनी भरलेली. पत्र लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते, हेच पत्राचे मोठे बळ. बखरकाराला आणि कादंबरीकाराला शेवट ठाऊक असतो.

६/ आता आकड्यांचा प्रश्न. ‘सवा लाख बांगडी फुटली’ ही लोकोक्ती प्रसिद्धच आहे. जदुनाथ सरकार यांनी मराठ्यांचे लढाऊ सैन्य सुमारे ४५,००० मानले. यावरून तरुण मंडळी एकमेकांस खोटे ठरवितात. वस्तुतः सरकार लढवय्ये मोजतात, आणि लोकोक्ती घराघरांतील वैधव्य मोजते. छावणीत बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, कुटुंबकबिला होता. एक हिशेब सैन्याचा, दुसरा शोकाचा. दोन्हींना एकाच वहीत लिहिणारा दोन्ही हिशेब बिघडवितो.

७/ त्र्यं. शं. शेजवलकर यांचा ‘पानिपत : १७६१’ हा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला, मराठी ग्रंथ आला १९६१ साली, लढाईस दोनशे वर्षे झाली तेव्हा. पानिपत म्हणजे निव्वळ नामुष्की, या समजुतीला त्यांनी पुराव्यानिशी आव्हान दिले. परकीय आक्रमकाला हिंदुस्थानात थारा न देण्याच्या तत्त्वासाठी मराठे लढले, ही त्यांची मांडणी. ती मान्य करा वा खोडून काढा. पण खोडायचे तर पुराव्याने खोडावे लागते.

८/ १९८८ साली विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ कादंबरी आली आणि हे नाव घरोघर पोहोचले. सदाशिवरावभाऊंकडे सहानुभूतीने पाहण्यास असंख्य वाचकांना तिने शिकविले, हे यश मोठे आहे. पण त्या पराभवाचा फेरविचार शेजवलकरांनी ४२ वर्षे आधीच मांडला होता. आज ‘पानिपत’ म्हटले की कादंबरी आठवते आणि संशोधनग्रंथ आठवत नाही. याचा दोष कादंबरीकाराचा नव्हे, कादंबरीवरच थांबणाऱ्या वाचकाचा आहे.

९/ कारण पुढे काय होते ते पाहा. कादंबरीकार भाऊंच्या तोंडी संवाद घालतो. तो त्याचा हक्क आहे, किंबहुना कर्तव्य आहे. कुणीतरी ते वाक्य उचलून भगव्या पार्श्वभूमीवर छापतो आणि खाली लिहितो : ‘सदाशिवरावभाऊ’. कादंबरीचे नाव गळते, लेखकाचे नाव गळते. तंबूतील एकांतात पतिपत्नी काय बोलले हे सांगणारा कागद कोठून येणार, हा साधा प्रश्न कुणी विचारीत नाही. वाङ्मयाची ही चोरी आहे आणि इतिहासाची बनावटही.

१०/ याच्या उलट टोकाला दुसरा एक वर्ग उभा आहे. ‘कादंबरी म्हणजे थापा, बखर म्हणजे गप्पा’ असे म्हणून तो हात झटकतो. हा अहंकारही तितकाच अडाणी आहे. १७६१ च्या आघाताने मराठी मन कसे हादरले, हे पत्रांच्या याद्या सांगू शकत नाहीत. ते बखर सांगते. दोन शतकांनंतर त्या मनाला त्या पराभवाशी समेट का करावासा वाटला, हे कादंबरीच्या लोकप्रियतेतून कळते. प्रश्न नीट विचारला तर कोणतेही पुस्तक निरुपयोगी ठरत नाही.

११/ हा वाद केवळ पुस्तकी नाही. यात खऱ्या माणसांची अब्रू गुंतली आहे. गोविंदपंत बुंदेले यांच्यावर राजवाड्यांनीच कठोर ठपका ठेवला आणि ‘कामचुकार’ हा शिक्का लोकप्रिय लेखनात कायम झाला. हेच गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये, अब्दालीची रसद तोडण्याच्या कामी असताना, मारले गेले. सूरजमल जाट दिल्लीहून साथ सोडून गेला खरा. पण पराभवानंतर पळत आलेल्या मराठ्यांना आश्रय आणि अन्न त्यानेच दिले. २०१९ च्या ‘पानिपत’ चित्रपटातील त्याच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली, ती उगाच नव्हेत.

१२/ म्हणून ‘पानिपत’ नावाचे कोणतेही पुस्तक हाती घेताना चार प्रश्न आधी विचारावेत. लिहिणारा कोण, आणि कोणत्या छावणीतला? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले? हे त्याला कसे कळले? आणि कुणासाठी लिहिले? ज्या पुस्तकाला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्यातील वाक्य पुरावा म्हणून वापरू नये. आवडले तर कादंबरीचे म्हणून, तिच्या लेखकाच्या नावासह अवश्य सांगावे.

१३/ आणि वाचावे सगळेच. कादंबरीपासून आरंभ करण्यात कसलाही कमीपणा नाही. मराठीतील कितीतरी इतिहासप्रेमींचा आरंभ तेथूनच झाला आहे. मात्र तिच्या शेजारी शेजवलकर ठेवावेत, त्यांच्या शेजारी काशीराज, आणि सर्वांच्या तळाशी राजवाड्यांनी छापलेली ती पत्रे. ती माणसे उपाशी होती आणि धान्य मागत होती. त्यांच्या तोंडी आणखी वाक्ये घालण्याआधी त्यांनी स्वतः लिहिलेले वाचून काढणे, एवढे तरी त्यांचे देणे लागतेच.