अभिरुचीचा पुरावा : ब्रिटिश आणि अमेरिकन गुप्तहेर मालिकांविषयीच्या एका मताची चिकित्सा

इंग्रजी गुप्तहेर मालिका आवडीने पाहणाऱ्या सुशिक्षित प्रेक्षकाचे एक मत इतके रूढ झाले आहे की ते मत आहे, वस्तुस्थिती नव्हे, याचाच विसर पडावा. ब्रिटिश मालिका म्हणजे संयम, वातावरणनिर्मिती, मूळ साहित्यकृतीशी इमान आणि बुद्धीला आवाहन. अमेरिकन मालिका म्हणजे मोटारींचे पाठलाग, पिस्तुले आणि जाहिरातींच्या सोयीने तुकडे पाडलेले कथानक. जेरेमी ब्रेटचा होम्स, डेव्हिड सुशेचा प्वारो आणि जॉन थॉचा मॉर्स हे या मताचे ठरलेले तीन साक्षीदार. हा प्रेक्षक अमेरिकन मालिका पाहत नाही असे नाही. तो त्याही पाहतो. मात्र त्या पाहण्याला तो करमणूक म्हणतो आणि ब्रिटिश मालिका पाहण्याला आस्वाद. एकाच कृतीला दोन नावे देण्याचा हा व्यवहार केवळ दिवाणखान्यात चालत असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु समीक्षेच्या नावाखालीही तो राजरोस चालतो.

आधी साक्षीदारांची पत तपासावी. या तिन्ही मालिकांपैकी एकही बीबीसीची नाही. तिन्ही प्रसारित झाल्या त्या आयटीव्हीवर, म्हणजे जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या व्यापारी जाळ्यावर. मॉर्सच्या (१९८७–२०००) तेहेतीस भागांची ऐसपैस लय ज्या दोन तासांच्या अवधीत उलगडते, त्या दोन तासांत साबण आणि मोटारी विकणाऱ्यांचाही वाटा होता. ब्रेटचा होम्स (१९८४–९४) ग्रॅनडा कंपनीने बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या केंद्राच्या सहभागाने उभा केला. त्याच बोस्टन केंद्राने १९८०पासून 'मिस्टरी!' या मालेतून ब्रिटिश गुप्तहेर अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर नेले, आणि त्यामागे मोबिल या अमेरिकन तेलकंपनीचा पैसा होता. ज्या 'अस्सल इंग्रजी' वातावरणाने हा प्रेक्षक भारावतो, त्याच्या जडणघडणीत अमेरिकन ग्राहकाची मागणी सुरुवातीपासून सामील आहे. जातिवंतपणाचा दाखला द्यायचा तर वंशावळ तरी पाहावी!

मूळ संहितेशी इमान हा दुसरा दावा. कॉलिन डेक्स्टरच्या कादंबऱ्यांतील लुईस हा वेल्श आणि मॉर्सच्या वयाच्या आसपासचा आहे. पडद्यावर तो उत्तर इंग्लंडमधला तरुण झाला. सुरुवातीच्या कादंबऱ्यांतील मॉर्सची लॅन्चिया जाऊन तिच्या जागी जग्वार आली, आणि मग खुद्द डेक्स्टरनेच कादंबऱ्यांतली गाडी बदलली. नकलेने अस्सलाला दुरुस्त केल्यावर इमान नेमके कोणाशी? क्रिस्तीच्या प्वारो-कादंबऱ्या १९२० ते १९७५ अशा पंचावन्न वर्षांत प्रसिद्ध झाल्या. सुशेच्या मालिकेने (१९८९–२०१३) त्यांतील बहुतेक कथा १९३०च्या दशकात गोठवल्या. त्या दशकातली गुळगुळीत वास्तुशिल्पे आणि चकचकीत आगगाड्या तेवढ्या राहिल्या. महामंदी आणि बेकारी चौकटीच्या कडेला गेली. ही निष्ठा साहित्यकृतीपेक्षा एका सुखद भूतकाळाशी अधिक आहे. हा भूतकाळ किती निवडक असतो हे १९९७ साली सुरू झालेल्या 'मिडसमर मर्डर्स'च्या निर्मात्याने २०११मध्ये नकळत उघड केले. मालिकेतल्या खेड्यांत गौरेतर माणसे नसल्यामुळेच ती चालते, इंग्रजपणाचा हा शेवटचा बुरूज आहे, अशा आशयाचे विधान त्याने केले आणि त्याला निलंबित व्हावे लागले. गहजब झाला तो विधानावर. विधान ज्या रूपाचे अचूक वर्णन करीत होते, ते रूप तोवर चौदा वर्षे 'वातावरण' म्हणून वाखाणले जात होते.

राष्ट्रीय स्वभावाचा सिद्धान्त तर एका नटाच्या कारकिर्दीतही टिकत नाही. मॉर्सचा चिंतनशील विषाद साकारणारा जॉन थॉ १९७५ ते ७८ या काळात त्याच आयटीव्हीवरच्या 'द स्वीनी'त रीगन होता : शिवराळ, हातघाईवर येणारा, मोटारीच्या पाठलागांत रमणारा. उलट बाजूला 'मर्डर, शी रोट' (१९८४–९६) ही अमेरिकन मालिका कॅबट कोव्ह या कल्पित गावात मिस मार्पलचेच जग थाटते, तेही लंडनमध्ये जन्मलेल्या अँजेला लॅन्सबरीला घेऊन. मॉर्सचे खरे मोठेपण ऑपेरात किंवा ऑक्सफर्डच्या पिवळसर दगडात नाहीच. तो पुनःपुन्हा चुकतो, भलत्यालाच पकडतो, आणि त्याची विद्वत्ता त्याच्या उपयोगी पडत नाही, यात ते आहे. पण ऑक्सफर्डच्या भिंती न्याहाळणाऱ्या प्रेक्षकाला हा आशय दिसत नाही.

आता 'कोलंबो'कडे वळता येईल. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांच्या या मालिकेला (१९६८च्या चित्रपटानंतर १९७१–७८ आणि पुढे १९८९–२००३) आमचा रसिक 'गमतीदार' हे विशेषण बहाल करून मोकळा होतो. तोदोरोव्हने १९६६च्या निबंधात रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवले : गुन्ह्याची, जी अनुपस्थित असते, आणि तपासाची, जी उपस्थित असूनही गौण असते. कोलंबो हा क्रमच उलटवतो. खून आरंभीच, डोळ्यांदेखत होतो. 'कोणी केला' हा प्रश्न संपल्यामुळे उरते ते केवळ दोन माणसांमधले संभाषण. आणि प्रेक्षक, त्याची इच्छा असो वा नसो, खुन्याच्या बाजूला बसवला जातो, कारण त्याचे ज्ञान खुन्याच्या ज्ञानाइतके असते. या उलट्या रूपबंधाचा मूळ प्रयोग आर. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाचा, १९१२चा. आणि सावजाला बोलण्यात गुंतवणारा हा हेर दस्तयेव्हस्कीच्या पोर्फिरी पेत्रोविचवरून सुचला हे त्याच्या कर्त्यांनीच सांगितले आहे. म्हणजे अमेरिकन उथळपणाचा नमुना म्हणून जी मालिका दाखवली जाते, तिचा सांगाडा इंग्रजी आणि प्राण रशियन आहे.

१९७३च्या एका भागात खुनी एड्रियन कार्सिनी हा द्राक्षमद्याचा थोर जाणकार आहे. सावत्र भाऊ मद्यशाळा विकायला निघतो म्हणून तो त्याला तळघरात कोंडून, तिथली वातानुकूलन यंत्रणा बंद करून न्यूयॉर्कला लिलावासाठी निघून जातो. मागे कडक उन्हाळा पडतो. पुढे एका उपाहारगृहात मौल्यवान पोर्टचा पहिलाच घोट घेऊन कार्सिनी संतापतो : हे मद्य उष्णतेने नासले आहे. ती बाटली कोलंबोने त्याच्याच तळघरातून आणलेली असते. मळका रेनकोट घालणाऱ्या पोलिसाला तो फरक जिभेवर कधीच कळला नसता. पुरावा कार्सिनीची अभिरुचीच देते. वर्ग आणि अभिरुची यांच्या नात्यावरचे इतके नेमके भाष्य मॉर्सच्या तेहेतीस भागांत शोधून काढावे लागेल. ते प्रेक्षकाच्या नजरेतून का निसटते, याचे उत्तर त्या भागातच आहे.

याचा अर्थ पारडे उलटवावे असा नव्हे. ते रेमंड चॅन्डलरने १९४४च्या निबंधात करून पाहिले आणि इंग्रजी वाड्यांतील खुनांची यथेच्छ टर उडवली. त्याचे स्वतःचे शिक्षण लंडनच्या डलिच कॉलेजातले, ही गंमत वेगळी. कोलंबोलाही मर्यादा आहेत. त्यातले पोलीस खाते एका सज्जन माणसापुरते आक्रसते, आणि श्रीमंत खुनी शेवटी निमूट शरण येतो. समीक्षेने नापसंतीचे काय करायचे असते याचा नमुना हवा असेल तर तो रेमंड विल्यम्सचा आहे. केंब्रिजचा हा वेल्श समीक्षक मायामीत दूरचित्रवाणी पाहताना चित्रपट, जाहिराती आणि पुढच्या चित्रपटांच्या झलकी यांच्या सरमिसळीने गोंधळून गेला. त्याने नाक मुरडले नाही. १९७४च्या ग्रंथात त्या गोंधळातून 'प्रवाह' ही संकल्पना घडवली. मराठीत मात्र बाबूराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथा दाराबाहेर ठेवणारी मंडळी प्वारोच्या मिशांवर रसग्रहणे लिहितात. संकल्पनेचा पत्ता दोन्हीकडे नाही.

मोरेत्तीने १९८३मध्ये म्हटले त्याचा आशय असा, की गुन्हा एका व्यक्तीच्या नावे मांडून समाजाला निर्दोष सोडणे हे या कथाप्रकाराचे सांस्कृतिक कार्य आहे. मालिकांमधली खरी सीमारेषा येथे आहे. ती अटलांटिकमधून जात नाही. 'प्राइम सस्पेक्ट' (१९९१) तपास करणाऱ्या खात्यालाच चौकशीखाली आणते. बॉल्टिमोरमधल्या 'होमिसाइड'मध्ये (१९९३–९९) अकरा वर्षांच्या अडेनाच्या खुनाचा उलगडा कधीच होत नाही. पहिल्याच वर्षीच्या एका भागात पेम्बलटन आणि बेलिस एका वृद्ध फळविक्रेत्याला चौकशीच्या खोलीत बारा तास प्रश्न विचारत राहतात. दिग्दर्शक मार्टिन कॅम्बेल जन्माने न्यूझीलंडचा, नावारूपाला आलेला ब्रिटिश दूरचित्रवाणीवर. आत जाताना बेलिसला खात्री असते आणि पेम्बलटनला शंका. बाहेर येताना पेम्बलटनला खात्री पटलेली असते आणि बेलिसची गेलेली असते. फळविक्रेता घरी जातो.