साहेबाची सही

युद्धातल्या प्रेमाच्या गोष्टी आपल्याला सिनेमावाल्यांनी पुरवल्या. गोरा शिपाई, गोरी पोरगी, स्टेशनवरचा निरोप, हलणारा रुमाल. त्या रुमालाखाली काय झाकलं ते कोण बघणार?

दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून पुढं, सुमारे 2,40,000 काळे अमेरिकी शिपाई ब्रिटनमधे येऊन गेले. हिटलरच्या वंशवादाशी लढायला निघालेली ही फौज स्वतःच काळी-गोरी चिरलेली. पलटणी वेगळ्या, नाचाच्या रात्री वेगळ्या, काही गावांत तर पबसुद्धा वाटून दिलेले. काळ्याच्या हातात बंदुकीपेक्षा फावडं नाहीतर ट्रकचं चाक. तरी पोरापोरींनी प्रेम केलंच. करणारच! सुमारे 2,000 मुलं जन्मली. पेपरवाल्यांनी त्यांना 'ब्राऊन बेबीज' म्हटलं; म्हणजे पाळण्यातच रंगाचा शिक्का.

'मग लग्न का नाही केलं?' असं नाक मुरडून विचारणारे सोवळे तिथंही होते. अरे, शिपायाच्या लग्नाला कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागायची! काळा शिपाई गोऱ्या पोरीसाठी ती मागायला गेला की नकार ठरलेला, वर कित्येकांची बदली. अमेरिकेतल्या तेव्हाच्या 48 पैकी 30 राज्यांत काळ्या-गोऱ्यांचं लग्न हा गुन्हाच होता. तिथल्या सुप्रीम कोर्टानं उरलेसुरले कायदे मोडले 1967 साली. तोवर ही पोरं विशी ओलांडून गेली होती.

म्हणजे आधी साहेबानं सही करायची नाही, आणि मग गावानं पोराला बिनबापाचं म्हणायचं. दोस्तांनो, ही चाल आपल्या ओळखीची आहे. जातीचा जीव बेटीबंदीत आहे, हे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात मांडलं होतंच की.

आणि मग घराघरांतून गुपितं पुरली गेली. कुणाची आई लग्नाची, नवरा आघाडीवर. कुठं आजीच आई म्हणवून घ्यायची आणि खरी आई थोरली बहीण बनून घरात वावरायची. बरीच मुलं अनाथगृहांत गेली. सॉमरसेट काउंटीनं आपल्याकडची काही मुलं होल्निकोट हाऊस नावाच्या वाड्यात ठेवली. अमेरिकेतली काळी कुटुंबं मुलं घ्यायला तयार होती, पण ब्रिटिश सरकारनं कायद्यावर बोट ठेवलं. ठेवायचं नाही, द्यायचंही नाही!

आईनं लपवलं, असं म्हणणं सोपं आहे. सरकारी कपाटाचं काय? बापाचा पत्ता मागणाऱ्या मुलांना अमेरिकी कचेऱ्या शिपायाच्या खाजगीपणाचं कारण सांगून परत पाठवत. कोर्टात खेचल्यावर 1990 साली समझोता झाला, तेव्हा कुठं माहिती सुटू लागली. त्याआधीच, 1973 साली, सेंट लुईसच्या दप्तरखान्याला आग लागून लष्कराच्या लाखो फायली जळून गेल्या होत्या.

पुढं डीएनए तपासणी आली. म्हातारपणी काहींना बापाचं नाव कळलं, सावत्र भावंडं सापडली. बाप मात्र बहुतेकांचे मातीत गेलेले. इतिहासकार ल्यूसी ब्लँड यांनी या मुलांच्या तोंडच्या हकिगती 2019 साली पुस्तकात आणल्या, म्हणून एवढं तरी कळतं.

होल्निकोट हाऊसचं पुढं हॉटेल झालं.