खाडीकाठची जमीन मोकळी नाही

मानखुर्दहून वाशीकडे जाताना पुलाच्या अलीकडे दिसणारी खारफुटी ठाणे खाडीच्या मोठ्या पट्ट्याचा भाग आहे. या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण संरक्षणाची रेषा अभयारण्याच्या हद्दीवर थांबून चालत नाही. भरतीच्या वेळी चिखलपट्टा पाण्याखाली गेला की पक्ष्यांना टेकायला मिठागरे आणि पाणथळ जागा लागतात, आणि नेमक्या त्याच जागा सरकारी कागदांवर ‘मोकळी जमीन’ ठरतात. धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागरे राज्याला देण्यास केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली.

पक्ष्यांपेक्षा माणसांची घरे महत्त्वाची, असा आक्षेप घेतला जातो. घरांची निकड खरीच आहे. मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांना ती कोणी समजावून सांगायला नको. मात्र भराव टाकून उभ्या केलेल्या इमारतींत गरिबांनाच पाठवायचे, ही कसली सोय? मिठागरे पावसाचे आणि भरतीचे पाणी सामावून घेतात. ती बुजवली की ते पाणी सखल वस्त्यांत शिरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याला जागा न उरल्याची किंमत मुंबईने मोजली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर खारफुटी तोडायला मनाई केली. मिठागरांनाही तसेच ठाम संरक्षण हवे आणि पुनर्वसन शक्यतो मूळ वस्तीच्या जागीच व्हायला हवे.