खेकड्यांची गोष्ट आता पुरे

मराठी माणूस आणि धंदा या विषयावरचं भाषण खेकड्यांच्या टोपलीशिवाय पुरं होत नाही. टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक वर चढू लागला की दुसरा त्याचा पाय ओढतो, असं वक्ता सांगतो. सभागृह हसतं, टाळ्या पडतात, चहा होतो आणि मंडळी घरी जातात. हीच गोष्ट फिलिपिन्समधले लोक स्वतःच्या समाजाबद्दल सांगतात, हे मात्र वक्त्याला ठाऊक नसतं. जी गोष्ट कुणालाही चिकटवता येते ती कुणाबद्दलच काही सांगत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यापुरतं बोलायचं तर ती धडधडीत खोटी आहे.

पालखीच्या वाटेवरचं, अर्धनारी नटेश्वराचं वेळापूर याच तालुक्यातलं. तिथून अकलूज ओलांडून पुढे गेलं की माळीनगर येतं. सासवडकडचे माळी समाजातले बागायतदार नीरा कालव्याच्या पाण्यामागे या भागात सरकले, खंडाने जमिनी धरल्या, ऊस केला आणि गुऱ्हाळं चालवली. जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. 1932 साली सरकारने देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि त्याच साली या बागायतदारांनी आपसात भाग गोळा करून ‘दि सासवड माळी शुगर फॅक्टरी’ काढली. शेतकऱ्यांनी स्वतः उभारलेल्या देशातल्या अगदी पहिल्या साखर कारखान्यांत तिची गणना होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचा प्रवरानगरचा सहकारी कारखाना अजून जवळजवळ दीड तप दूर होता. सरकारी भागभांडवल नव्हतं आणि पाठीशी मंत्रीही नव्हता. होते ते एकाच अडचणीत सापडलेले आणि एकमेकांचे हिशेब ओळखून असलेले शेतकरी.

यावर लगेच सांगितलं जाईल की ते एका जातीचे, सोयऱ्याधायऱ्यांतले होते, म्हणून जमलं. मुद्दा खोडता येण्यासारखा नाही. आपल्याकडे उधारीचा भरवसा बराच काळ जातीच्या दोरीने बांधलेला होता आणि आजही पुष्कळ ठिकाणी आहे. पण तेवढ्यावर सगळा उलगडा होत नाही. सोलापुरात 1882 मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद जैन व्यापारी घराण्यातले होते, तर त्यांचे पहिले भागीदार लक्ष्मणराव फाटक रेल्वेतले माजी कारकून. वालचंदांकडे पत होती, फाटकांना रेल्वेच्या कामाची खाचखोच माहीत होती. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या छोट्या टप्प्याच्या ठेक्यापासून दोघांनी सुरुवात केली. पुढे 1919 मध्ये त्यांच्या कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज लंडनला निघालं तेव्हाही वालचंद एकटे नव्हते. नरोत्तम मोरारजींसारखे सोबती बरोबर होते. चरित्रांच्या मुखपृष्ठावर एकच चेहरा छापायचा प्रघात आहे, म्हणून उद्योग एकट्याने उभा राहतो असा समज रूढ झाला.

आज वेळापूर परिसरात उद्योग सुरू करणाऱ्या पोराची किंवा पोरीची अडचण नेमकी कुठे आहे? नवा उद्योग म्हणजे मोबाइलमधलं ॲपच हवं असं नाही. डाळिंबाची प्रतवारी करणारं यंत्र असेल, ज्वारीचे तयार खाद्यपदार्थ असतील, ड्रोनने फवारणीची सेवा असेल. माल तयार होतो, पहिला मोठा व्यापारी पुण्याचा मिळतो, 28 तारखेला बिल फाडलं जातं. दर महिन्याला विवरण भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत त्या बिलावरचा जीएसटी भरावा लागतो. व्यापाऱ्याचे पैसे मात्र तीन महिन्यांनी येतात, तेही तुकड्यातुकड्याने. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा कर आधी खिशातून जातो. कच्चा माल देणारा रोख मागतो, कामगाराचा पगार थांबवता येत नाही, थ्री फेजची वीज भट्टी तापायच्या वेळी जाते. संध्याकाळी घरी पाहुणे आलेले असतात आणि मुलगा काय करतो, या प्रश्नावर आई हळूच म्हणते, ‘बघतोय नोकरी.’

या शेवटच्या वाक्याला कुठल्याही प्रकल्प अहवालात रकाना नसतो. घरी सांगावं तर घरचे घाबरतात, बँकेत सांगावं तर बँकवाला घाबरतो, कामगारांना सांगावं तर ते दुसरीकडे काम शोधतात. मग नवा उद्योजक सगळ्यांनाच ‘एकदम मस्त चाललंय’ म्हणत फिरतो.

खरी अडचण भांडवलाची, बाकी सगळं लाड, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. भांडवलाची चणचण खरीच आहे. नुसत्या धीराने पगार होत नाहीत. पण योजनांचा दुष्काळ आहे असं कुणी म्हणू नये. 16 जानेवारी 2016 ला ‘स्टार्टअप इंडिया’ जाहीर झाली आणि 2021 मध्ये तिच्यात 945 कोटींचा बीजनिधी आला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) उत्पादन उद्योगाचा प्रकल्प 50 लाखांपर्यंत चालतो. ‘मुद्रा’ आहे, राज्याची वेगळी योजना आहे. उशिरा पैसे देणाऱ्यांसाठी कायदासुद्धा आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यायचं, असं 2006 चा कायदा सांगतो. 1 एप्रिल 2024 पासून तर ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत त्या रकमेची प्राप्तिकरातली वजावटही मिळत नाही.

कायदा इतका धारदार असूनही नवा उद्योजक तो वापरत नाही. त्याच्याकडे मोठं गिऱ्हाईक एकच असतं आणि एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायची छाती कुणाची होणार? इथे उपयोगी पडतो तो त्याच खड्ड्यातून आधी गेलेला माणूस. उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधीच करून ठेव, तो क्रमांक बिलावर छाप, पैसे द्यायची तारीख खरेदी-ऑर्डरवर लिहून घे, अमका व्यापारी दिवाळीनंतरच पैसे सोडतो तेव्हा त्याला पहिला माल थोडाच दे, असं तो सांगतो. यातल्या पहिल्या तीन गोष्टी सल्लागारही फी घेऊन सांगेल. चौथी फक्त सोबतीच सांगू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा वाटतो, कारण तो भीतीतून आलेला आहे: धंद्यातलं गुपित फोडलं तर उद्या शेजारचाच तेच यंत्र विकेल. ही भीती मोजून पाहिली गेली आहे. जिंग त्साय आणि ॲडम साइडल या अर्थतज्ज्ञांनी चीनमधल्या नानचांग शहरात 2,820 छोट्या आणि नव्या उद्योगांवर प्रयोग केला. काही उद्योजकांचे चिठ्ठी टाकून निवडावेत तसे लहान गट केले आणि त्यांना वर्षभर दर महिन्याला भेटायला लावलं. बाकीच्यांना तसंच सोडलं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार भेटणाऱ्यांची उलाढाल न भेटणाऱ्यांपेक्षा 8.1 टक्क्यांनी वाढली आणि भेटी थांबल्यानंतरच्या वर्षीही फायदा टिकला. या गटांना कुणी अनुदान वाटलं नव्हतं. मात्र भीतीही अगदीच पोकळ ठरली नाही. एकमेकांचे थेट स्पर्धक असलेले लोक कामाची माहिती हातची राखून ठेवत होते. याचा व्यवहारी अर्थ एवढाच की डाळिंबाचे दाणे वाळवून अनारदाणा विकणारे दोघे एका गटात बसवू नयेत. अनारदाणावाला, ड्रोनवाला, शिवणकामाचं युनिट चालवणारी आणि दूध-प्रक्रियावाला एकत्र बसले तर कुणी कुणाचं काय चोरणार? उलट चौघांची उधारी, वीज, कामगार आणि बँक ही दुखणी एकच असतात.

आंधळ्याने आंधळ्याला काय वाट दाखवायची, शिकाऊ मंडळी जमून रडगाणं गातील, असंही म्हटलं जातं. रडगाणं होतं, नाकारायचं कारण नाही. पण सोबतीचं मोठं काम धीर देणं हे नसून वेळेवर अडवणं हे आहे. जॉश लर्नर आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी हार्वर्डच्या व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. ज्या तुकडीत आधी उद्योग करून आलेले वर्गमित्र जास्त, त्या तुकडीतून उद्योग काढणारे कमी निघाले. उद्योजकतेवर भाषणं देणाऱ्यांची निराशा करणारा हा निष्कर्ष! नीट पाहिल्यावर कळलं की घटले ते मुख्यतः बुडणारे उद्योग. चटके सोसलेल्या मित्रांनी कच्चे बेत टेबलावरच मोडून काढले असणार. वेळापुरात बापाची दोन एकर गहाण टाकून चुकीचं यंत्र घेण्याआधी कुणीतरी ‘थांब’ म्हणणं, ही मदत पाठीवरच्या शाबासकीपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

मुलींच्या बाबतीत सोबतीची गरज आणखी ठळक आहे. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या ग्राहक महिलांना दोन दिवसांचं व्यवसाय-प्रशिक्षण दिलं गेलं. काहींना एकटं बोलावलं, काहींना मैत्रिणीसह. मैत्रिणीसह आलेल्यांनी धंद्यासाठी जास्त कर्ज काढलं आणि काही महिन्यांनी त्यांच्या घरचं उत्पन्नही जास्त दिसलं. घरातल्या बंधनांचा काच ज्यांना जास्त होता, त्यांच्यात हा फरक अधिक होता. प्रशिक्षण दोन्ही गटांना तेच मिळालं होतं.

आणि हे सगळं अहमदाबादला ठीक, आमच्या गावात कुठलं, असं म्हणणाऱ्याने शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला जावं. तिथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने गावातल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. बायका अक्षर ओळखायला बसल्या, पुन्हा गेल्या आणि आमच्यासारखं तोंडी व्याज तुमचे अधिकारी काढतात का पाहू, असं सुनावून आल्या. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली आणि पुढे तिच्याभोवती बायकांसाठी व्यवसाय-शिक्षणाचं कामही उभं राहिलं. माण हा कायम दुष्काळी तालुका. तिथे जमलं ते कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या माळशिरसमध्ये न जमण्याचं कारण सांगता येईल का?

सोबतीसाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहेतच की, असंही कुणी म्हणेल. त्यावर सुप्रभात, वाढदिवसाचे केक आणि ‘कुणाला विमा काढायचा आहे का’ एवढंच चालतं. अडीचशे लोकांसमोर आपला धनादेश परत आला हे कोण लिहील?

सोबतीला आकार लागतो. माधवराव भिड्यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबने शहरांत नियमित भेटींचा तो आकार रुजवला. गावात तो याहून साधा करता येईल. आठ-दहा जण पुरेत. भेट महिन्यातून एकदा, प्रत्येक वेळी वेगळ्याच्या शेडवर, म्हणजे यंत्र आणि पडून राहिलेला माल डोळ्यांना दिसतो. प्रत्येकाने येताना येणे बाकीची खरी यादी आणायची. एकमेकांना काही विकायचं नाही, राजकारण दाराबाहेर आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. नानचांगमध्ये ज्या गटांत मोठ्या उद्योगांचे चालक होते त्यांना फायदा जास्त झाला होता, म्हणून गटात एक-दोन मुरलेली माणसं हवीत.

ती माणसं या पट्ट्यात आहेत. वेळापूर, अकलूज, नातेपुते, माळशिरस इथल्या पेठांत तीस-चाळीस वर्षं दुकान, गिरणी, वर्कशॉप चालवलेले लोक दर महिन्याला भिशीसाठी एकत्र बसतातच. चिठ्ठी निघाली की तासाभराने पांगतात. पुढच्या भिशीला त्यांनी आपल्या पेठेतल्या नव्या पोरांना बोलवावं, चिठ्ठी निघाल्यावर आणखी तासभर थांबावं आणि आपली कुठली उधारी कायमची बुडाली, तिथून बोलायला सुरुवात करावी.