खेळाडू आणि विद्यार्थी

क्रीडा-हंगामापूर्वी चांगल्या खेळाडूंना प्रवेश देण्याची महाविद्यालयांत चढाओढ लागते, ही गोष्ट पुण्यास नवी नाही. खेळाडूचे नाव पटावर चढते, ढाल प्राचार्यांच्या दालनात येते. तो वर्गात किती दिवस बसला, याची चौकशी मात्र क्वचितच होते. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचे नियम वय व प्रवेश यांची छाननी करतात. ती आवश्यकच आहे. शासकीय नोकऱ्यांतील 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठी बनावट प्रमाणपत्रे सादर झाल्याची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. परंतु कागद खरा ठरला, एवढ्याने शिक्षण झाले असे होत नाही. अमेरिकेत 2021 पासून महाविद्यालयीन खेळाडूस आपल्या नावलौकिकावर पैसा मिळविण्याची मुभा आहे. तथापि अभ्यासात किमान प्रगती दाखविल्यावाचून त्याला मैदानात उतरता येत नाही. आपल्याकडे हे दायित्व प्रथम महाविद्यालयावर असावे. स्पर्धेपायी बुडालेले तास त्याने भरून द्यावेत आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने संघाची नोंद करतानाच त्याचा हिशेब मागावा. एका दुखापतीने खेळ संपू शकतो. त्या दिवशी तरुणाच्या हाती विद्या असली पाहिजे.